कधीही न उघडलेली मस्टँग ऑनलाइन विकत घेताना

फोर्डने १९६५ आणि १९६६ या दोन मॉडेल-वर्षांत मिळून जवळजवळ तेरा लाख मस्टँग बनवल्या. अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या ऑनलाइन बाजारात त्यामुळे ही गाडी बारा महिने विक्रीला असते. विक्रीला येणाऱ्या बऱ्याच गाड्या गेल्या साठ वर्षांत एकदा तरी पूर्ण सुट्या करून, नवा पत्रा जोडून, रंगवून पुन्हा उभ्या केलेल्या आहेत. कारखान्यातून जशी निघाली तशीच राहिलेली, कधीही रिस्टोअर न झालेली गाडी क्वचित दिसते, आणि तशी आहे असे सांगणाऱ्या जाहिराती मात्र पुष्कळ असतात. हा दावा घरी बसून कितपत तपासता येतो आणि कुठे प्रत्यक्ष माणूस पाठवावा लागतो, हे ठरवणे म्हणजेच अशा गाडीचे मूल्यमापन.

त्यासाठी एक क्रम पाळावा लागतो. आधी गाडीची ओळख, मग पत्रा, मग मूळपणा, त्यानंतर इंजिन आणि बाकीची यंत्रणा, आणि सगळ्यात शेवटी किंमत. बहुतेक खरेदीदार नेमके उलटे करतात आणि ‘इंजिन सुरू होते का?’ हाच प्रश्न पहिला विचारतात. मस्टँगच्या बाबतीत हा प्रश्न सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. तिची इंजिने साधी आहेत, लाखोंनी बनली आहेत, त्यांचे भाग आजही सहज मिळतात आणि ती पुन्हा बांधणारे मेकॅनिक गावोगावी आहेत. सांगाड्याचा पत्रा आतून कुजला असेल तर मात्र दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीलाही मागे टाकू शकतो. त्या दुरुस्तीत गाडीचा मूळपणाही जातो, आणि तो कोणत्याही किमतीला परत मिळत नाही.

ओळख म्हणजे गाडीचा क्रमांक. आजचा सतरा अक्षरांचा क्रमांक १९८१ पासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची रीत वेगळी होती. पहिल्या पिढीच्या मस्टँगचा क्रमांक अकरा अक्षरांचा असतो. समजा, तो ‘५ आर ०७ सी १५४३२१’ असा आहे. पहिला ५ म्हणजे १९६५ चे मॉडेल. दुसरे अक्षर कारखान्याचे: एफ म्हणजे मिशिगनमधले डिअरबॉर्न, आर म्हणजे कॅलिफोर्नियातले सॅन होजे आणि टी म्हणजे न्यू जर्सीतले मेटचेन. (मेटचेनचा कारखाना प्रत्यक्षात एडिसनमध्ये होता आणि सॅन होजेचा मिल्पीटसमध्ये. मिल्पीटसच्या कारखान्याच्या जागी आता ‘ग्रेट मॉल’ उभा आहे.) पुढचे ०७ म्हणजे हार्डटॉप, ०८ असेल तर कन्व्हर्टिबल, ०९ असेल तर फास्टबॅक. त्यानंतरचे अक्षर इंजिनाचे, आणि सौद्याच्या दृष्टीने ते सगळ्यात बोलके. टी म्हणजे २०० घनइंचाचे सहा सिलिंडरचे इंजिन. सी, ए आणि के ही तिन्ही २८९ घनइंचाच्या व्ही-८ इंजिनाची अक्षरे आहेत. सी म्हणजे साधे, दोन नळ्यांच्या कार्ब्युरेटरचे. ए म्हणजे चार नळ्यांचे, २२५ अश्वशक्तीचे. के म्हणजे २७१ अश्वशक्तीचे, आणि तेच सगळ्यात दुर्मीळ. शेवटचे सहा अंक अनुक्रमाचे, ते १००००१ पासून सुरू होतात.

हा क्रमांक बॉनेटखाली, ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या मडगार्डाच्या वरच्या कडेवर ठोकलेला असतो. बाहेरच्या मडगार्डाला तिथे मुद्दाम एक खाच ठेवलेली असते, तिच्यातून तो वाचता येतो. मडगार्डाखाली झाकलेल्या जागीही हाच क्रमांक असतो, पण तो पाहायला मडगार्ड काढावे लागते. विक्रेत्याकडून खाचेतल्या क्रमांकाचा स्पष्ट, जवळून काढलेला फोटो मागावा. अक्षरे एका ओळीत आणि सारख्या खोलीची आहेत का, आजूबाजूचा पत्रा घासलेला किंवा वेल्डिंग केलेला दिसतो का, ते पाहावे. क्रमांकाचा तुकडा दुसऱ्या गाडीतून कापून बसवलेला असेल तर प्रश्न फक्त किमतीचा राहत नाही. वाहनाचा क्रमांक काढणे किंवा बदलणे हा अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि अशी गाडी पोलीस ताब्यात घेऊ शकतात.

ड्रायव्हरच्या दाराच्या मागच्या कडेवर रिव्हेटने बसवलेली धातूची छोटी पाटी हा दुसरा पुरावा. तिच्यावर बॉडीचा प्रकार, रंग, आतल्या कापडाचा संकेत, बांधणीची तारीख, विक्री विभागाचा अंक, अ‍ॅक्सल आणि गिअरबॉक्स असे सगळे असते. तारीख ‘१२सी’ अशी लिहिलेली असेल तर ती १२ मार्च. महिन्यांसाठी ए पासून पुढची अक्षरे घेतली आहेत, आय वगळले आहे, म्हणून सप्टेंबरला जे येतो. विक्री विभागाचा अंक ७१ असेल तर गाडी लॉस एंजेलिस विभागासाठी बनली होती. रंगाच्या जागी एम असेल तर ती विम्बल्डन व्हाइट, जे असेल तर रँगून रेड. या पाटीवरून गाडीविषयी खूप काही कळते, पण तिच्यावर विसंबता येत नाही. हव्या त्या संकेतांची नवी पाटी आज विकत बनवून मिळते. म्हणून पत्र्यात ठोकलेला क्रमांक पहिला मानावा आणि पाटी त्याच्याशी जुळते का, एवढेच पाहावे.

जाहिरातीतले बरेचसे मोठे दावे या दोन पुराव्यांवरच पडतात. जीटी हे पॅकेज एप्रिल १९६५ मध्ये आले आणि ते फक्त ए किंवा के इंजिनासोबत मिळत असे. क्रमांकात सी किंवा टी असेल तर ‘कारखान्यातून आलेली जीटी’ हा दावा तिथेच संपतो, मग पुढच्या जाळीत फॉगलाइट असोत की बाजूला पट्टे असोत. ए असला तरी जीटी सिद्ध होत नाही, कारण जीटीचा उल्लेख ना क्रमांकात असतो ना पाटीवर. तिथे खाली वाकून पाहावे लागते. खऱ्या जीटीत सायलेन्सरचे नळ मागच्या पत्र्यातून बाहेर येतात, आणि ते टांगण्यासाठी मागच्या फ्रेमरेलवर कारखान्यानेच मजबुतीच्या पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात. फॉगलाइट दुपारभरात बसवता येतात. पट्ट्या बसवण्याच्या भानगडीत नकली जीटी बनवणारा सहसा पडत नाही, आणि पडला तरी नवे वेल्डिंग ओळखू येते.

वर्षाचेही तसेच. मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी बाजारात आली. त्या पहिल्या काही महिन्यांच्या गाड्यांना लोक साडेचौसष्टचे मॉडेल म्हणतात, पण त्यांच्याही क्रमांकात ५ च असतो. त्या गाड्यांत अल्टरनेटरऐवजी डायनामो असे. फास्टबॅक सप्टेंबर १९६४ मध्ये आली, म्हणून ‘साडेचौसष्टची फास्टबॅक’ अशी जाहिरात दिसली की विक्रेत्याला गाडीची नीट माहिती नाही किंवा तो ती मुद्दाम वेगळी सांगतो आहे, असे धरून चालावे.

सहा सिलिंडरच्या गाडीत नंतर व्ही-८ बसवणे फार सर्रास चालते, आणि ते ओळखायला कधी एक फोटो पुरतो. सहा सिलिंडरच्या गाडीची चाके चार नटांवर बसतात, व्ही-८ च्या गाडीची पाच नटांवर. बॉनेटखाली व्ही-८ आणि चाकाला चार नट असतील तर इंजिन बदलले आहे, आणि त्या इंजिनाची ताकद पेलण्याजोगे ब्रेक आणि अ‍ॅक्सल मात्र बसवलेले नाहीत. अशी गाडी मूळ नाही, शिवाय रस्त्यावर धोक्याची आहे.

कारखान्याच्या नोंदी मिळाल्या तर काम सोपे होते. १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांच्या उत्पादनाच्या नोंदी मार्टी ऑटो वर्क्सकडे आहेत. क्रमांक कळवून पैसे भरले की गाडी कशी बनली त्याचा अहवाल मिळतो, आणि १९६७ किंवा त्यानंतरची मस्टँग घेणाऱ्याने तो मागवल्याशिवाय बोली लावू नये. १९६५ आणि १९६६ च्या गाड्यांसाठी मात्र ही सोय नाही. तिथे जुने बिल, वॉरंटीचे पुस्तक, सर्व्हिसच्या पावत्या, पहिल्या मालकाच्या घरचे जुने फोटो यांनाच वजन येते. दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्या पाहणाऱ्यालाही असाच विचार करावा लागतो. पॉन्टिअ‍ॅकची जीटीओ १९६४ आणि १९६५ मध्ये लेमान्स या मॉडेलवरचे एक पॅकेज होती, त्यामुळे क्रमांकावरून ती सिद्ध होत नाही. १९६६ पासून तिचा क्रमांक २४२ ने सुरू होतो. पॉन्टिअ‍ॅकची जुनी कागदपत्रे पॉन्टिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून मिळतात. १९६७ ते १९६९ च्या कॅमॅरोच्या क्रमांकावरून इंजिन सहा सिलिंडरचे की व्ही-८ एवढेच कळते, झेड-२८ ही खास आवृत्ती आहे की नाही ते कळत नाही. क्रायस्लरच्या गाड्यांत बांधणीचा मूळ कागद कधी सीटच्या स्प्रिंगमध्ये अडकलेला सापडतो.

मालकीचे कागद हा वेगळा विषय, आणि त्यात प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. बहुतेक राज्ये गाडीसाठी टायटल नावाचे मालकीपत्र देतात. पण जॉर्जियात १९८५ आणि त्याआधीच्या मॉडेलला टायटल लागत नाही, अलाबामात पस्तीस वर्षांहून जुन्या गाडीला लागत नाही, आणि न्यू यॉर्क १९७२ पर्यंतच्या गाड्यांना टायटलऐवजी नावावर करता येईल असे रजिस्ट्रेशन देते. त्यामुळे टायटल नसणे ही दरवेळी लबाडी नसते, पण आपल्या राज्यात तेवढ्या कागदांवर गाडी नावावर होईल का, हे आधी आपल्या मोटर वाहन कार्यालयात विचारलेच पाहिजे. टायटल असेल तर त्यावरचे नाव विक्रेत्याचेच आहे का, कर्जाचा बोजा नोंदलेला आहे का आणि क्रमांक पत्र्यावरच्या क्रमांकाशी अक्षरन् अक्षर जुळतो का, ते पाहावे. जुन्या टायटलवर एखादा अंक चुकलेला असतो. ती चूक विक्रेत्यानेच, सौद्याआधी, सुधारून घ्यावी. आजच्या गाड्यांच्या इतिहासाचे कारफॅक्ससारखे अहवाल १९८१ च्या आधीच्या गाड्यांना लागू पडत नाहीत.

पत्र्याकडे वळताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मस्टँगला वेगळी चॅसी नाही. बॉडी आणि सांगाडा मिळून एकच घडण आहे, म्हणून फरशीचा, रेलचा किंवा मडगार्डाच्या आतला गंज हा दिसण्याचा दोष नसून गाडीच्या बळाचा दोष आहे. आणि सगळ्यात वाईट गंज बाहेरून दिसतच नाही.

त्याची जागा म्हणजे पुढच्या काचेखालची पेटी. काचेच्या आणि बॉनेटच्या मधे हवेसाठी जाळ्या असतात. जाळ्यांतून पडलेले पावसाचे पाणी या पेटीतून दोन्ही बाजूंनी खाली वाहून जाते. पेटीच्या तळाला हवा आत घेण्यासाठी भोके असतात आणि पाणी आत पडू नये म्हणून त्यांच्याभोवती पत्र्याची उभी कडी असते. गाडी झाडाखाली उभी राहिली की जाळ्यांतून पाने आत जातात, कडीभोवती साचतात, ओली राहतात आणि कडी बुडापासून कुजते. मग प्रत्येक पावसात पाणी डॅशबोर्डामागून थेट पायाखाली टपकते. तिथे गालिचा आणि त्याखालचे नमदे ते धरून ठेवतात, आणि फरशीचा पत्रा आतून बाहेर कुजत जातो. बाहेरून गाडी लखलखीत दिसत असते. ही दुरुस्ती करायची तर पेटीचे वरचे झाकण काढावे लागते. ते कारखान्यात कितीतरी ठिकाणी स्पॉट वेल्ड केलेले असते, एकेक वेल्ड ड्रिलने सोडवावा लागतो, त्याआधी मडगार्ड आणि बॉनेट उतरवावे लागतात आणि बहुधा पुढची काचही. इतके करून सांधायचा पत्रा तळहाताएवढा असतो. म्हणून पुष्कळ मालक ते न करता भोकावर प्लास्टिकचे झाकण चिकटवून वेळ मारून नेतात.

याची परीक्षा सोपी आहे, आणि ती व्हिडिओवरही होते. विक्रेत्याने जाळ्यांवर पाच मिनिटे पाण्याची धार सोडावी आणि दुसऱ्या कोणीतरी टॉर्च घेऊन डॅशबोर्डाखालून, दोन्ही बाजूंनी, चित्रण करावे. गालिचा आधी उचललेला असावा. एक थेंबही टपकला नाही तर ती गाडी पुढे पाहण्याजोगी आहे. विक्रेत्याने ही परीक्षा द्यायला नकार दिला तर पाणी गळते असे गृहीत धरून पुढचा हिशेब करावा. मूळ गाडी शोधणाऱ्याने दुसऱ्या कोणत्याही परीक्षेआधी ही मागावी, कारण पुढचे अनेक दोष हिच्यातूनच निघतात.

बाकीच्या जागा गाडी लिफ्टवर चढवून पाहायच्या. पुढच्या फ्रेमरेल आणि बाजूचे उंबरे जोडणाऱ्या टॉर्क बॉक्सचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मागच्या टोकाने ठोकला की शाबूत पत्रा टणटणतो, कुजलेला बद्द वाजतो. बॅटरी या गाडीत पुढे उजव्या बाजूला असते, तिचे आम्ल सांडून खालचे मडगार्ड आणि रेल खाल्लेले असतात. पुढच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या मनोऱ्यांना, विशेषतः व्ही-८ गाड्यांत, चिरा पडतात. डिकीत आणखी एक वेगळेपण आहे. पेट्रोलच्या टाकीचा वरचा भागच डिकीची फरशी असतो, त्यामुळे टाकीच्या कडा आणि बाजूचे खोलगट पत्रे आवर्जून पाहावेत. डिकीतली चटई न उचलता काढलेला फोटो निरुपयोगी असतो. कन्व्हर्टिबलमध्ये छताचा आधार नसल्याने सारा ताण खालच्या पत्र्यावर येतो. तिच्या दारांच्या फटी पाहाव्यात. मागची फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर गाडी मधे खचली आहे.

गाडी कुठे राहिली हेही पत्र्याइतकेच महत्त्वाचे. मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, न्यू यॉर्क अशा राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते मीठ गाडी खालून खाते. अ‍ॅरिझोना किंवा कॅलिफोर्नियाच्या आतल्या कोरड्या भागातली गाडी खालून टिकते, पण उन्हाने तिचे डॅशबोर्ड, सीट आणि रबर फाटलेले असतात. निवड करायची वेळ आली तर उन्हाने भाजलेली गाडी घ्यावी. फाटलेले कापड बदलता येते. पाटीवरचा ७१ हा अंक मात्र फक्त पहिल्या विक्रीचे ठिकाण सांगतो. त्यानंतरचे तीस हिवाळे ती ओहायोत राहिली असेल तर त्या अंकाचा काही उपयोग नाही. जुनी नंबरप्लेट इथे मदतीला येते. तिच्यावर चिकटवलेल्या शेवटच्या स्टिकरच्या वर्षावरून गाडी कधी रस्त्यावरून उतरली ते कळते. कॅलिफोर्नियात १९६३ पासून काही वर्षे काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असत, आधी तीन अक्षरे आणि मग तीन अंक. अशी पाटी १९६५ च्या गाडीला पहिल्यापासून लागलेली असू शकते. पण तशाच रंगाच्या नव्या पाट्या कॅलिफोर्निया २०१५ पासून पुन्हा देऊ लागले आहे, म्हणून रंगावर न जाता अक्षरांचा क्रम आणि पत्र्याचे जुनेपण पाहावे.

पत्रा शाबूत निघाला तर मग मूळपणाचा प्रश्न येतो. गाडी रिस्टोअर न होणे आणि ती मूळ असणे एकच नाही. कधीही सुटी न झालेल्या गाडीलाही कोणी चाळीस वर्षांपूर्वी घाईने रंग मारलेला असतो. दाराच्या रबराखाली, उंबऱ्याच्या अ‍ॅल्युमिनियम पट्टीखाली, पायाजवळच्या बाजूच्या पट्टीमागे दुसरा रंग डोकावला की पुन्हा रंगकाम झाले हे सिद्ध होते. १९६५-६६ च्या मस्टँगची बॉनेटखालची जागा कारखान्यात काळीच रंगवलेली असे, गाडी कोणत्याही रंगाची असो. ती बॉडीच्या रंगात असेल तर तिथे नंतर हात फिरला आहे. इंजिनाचा रंगही बोलतो. १९६५ च्या सामान्य २८९ इंजिनाचा ठोकळा काळा आणि वरची झाकणे सोनेरी असत. १९६६ मध्ये सगळे निळे झाले. १९६५ च्या गाडीत निळे इंजिन दिसले तर ते नंतर रंगवले तरी आहे किंवा दुसऱ्या गाडीतून आले आहे. त्याचा निकाल ठोकळ्यावरच्या ओतकामाच्या खुणांवरून लागतो. फोर्डच्या भागांवर ‘सी५एई’ असा संकेत असतो. त्यातला सी म्हणजे १९६० चे दशक आणि ५ म्हणजे त्यातले वर्ष. शेजारी ओतल्याची तारीख असते, आणि ‘५सी१२’ म्हणजे १२ मार्च १९६५. इंजिन गाडीआधी काही आठवडे ओतलेले असायला हवे. गाडीनंतर ओतलेले इंजिन त्या गाडीचे असूच शकत नाही. काचांच्या कोपऱ्यांवरही कारलाइट या काचांच्या ब्रँडचे चिन्ह आणि तारखेचा संकेत असतो. सगळ्या काचा एकाच सुमाराच्या असणे हा फार चांगला पुरावा, कारण काचा नकली करण्याचे कष्ट फार कमी जण घेतात.

रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र निरीक्षकाकडे असते. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. आकडा दुप्पट झाला तर वर दुसरा थर आहे. हजाराच्या घरात गेला तर खाली लांबी भरलेली आहे. यंत्र नसेल तर लोहचुंबक रुमालात गुंडाळून चाकाच्या कमानीवरून आणि दाराच्या खालच्या कडेवरून फिरवावे. जिथे ते धरत नाही तिथे लांबी. मडगार्डाचे आणि दारांच्या बिजागऱ्यांचे बोल्ट जवळून पाहिले की त्यांच्या माथ्यावरचा रंग कधी पान्याने खरवडला गेला का तेही कळते. न खरवडलेले बोल्ट आणि एकसारखे, गोल, किंचित खोलगट स्पॉट वेल्ड जिथे दिसतात, तिथे पत्रा कारखान्यानंतर कोणी सोडवलेला नाही असे समजायला हरकत नाही. अशा गाडीच्या रंगावर ओरखडे असले, क्रोम मंदावले असले तरी चालते. तिच्या कारखान्याच्या खुणा पाहूनच इतर गाड्या बरोबर रिस्टोअर करता येतात. अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिकाने अशा जपलेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र गट ठेवला आहे, आणि तो ठेवायलाच हवा होता.

मैलांच्या आकड्यावर मात्र भरवसा ठेवू नये. या गाड्यांचा मीटर पाच आकडी, ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो. ‘३८,००० मैल’ म्हणजे १,३८,००० असू शकतात. जुन्या गाड्यांना मैल जाहीर करण्याच्या कायद्यातून सूट असल्याने टायटलवरही आकडा नसतो. ब्रेकच्या पेडलचे रबर, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड, स्टिअरिंगवरचा घासलेला भाग आणि पावत्यांवरची मैलांची नोंद एकमेकांशी जुळली तरच आकडा मानावा.

आता इंजिन. वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी सुरू होत नाही म्हणून घाबरू नये, आणि विक्रेता ‘बॅटरी लावली तर लगेच सुरू होईल’ म्हणाला तर त्याला थांबवावे. टाकीत जुन्या पेट्रोलचा चिकट गाळ, सिलिंडरमध्ये गंज आणि कोरडे बेअरिंग अशा अवस्थेत स्टार्टर मारणे म्हणजे धड इंजिन बिघडवणे. क्रँकशाफ्टच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरते का, एवढे विचारणे पुरे. चालू असलेल्या गाडीत कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. सगळ्यात कमी सिलिंडरचा आकडा सगळ्यात जास्त सिलिंडरच्या तीन-चतुर्थांशाहून खाली नसावा. ब्रेकचे सिलिंडर, रबरी नळ्या, टाकी, टायर हे सगळे बदलावेच लागणार असे धरावे. १९६७ पूर्वीच्या मस्टँगला ब्रेकचा एकच मार्ग असतो, एका नळीला गळती लागली की चारही चाकांचे ब्रेक जातात. टायरवरची नक्षी शाबूत असली तरी तारखेचा संकेत वाचावा. वर्ष २००० पासून तो चार अंकी असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. तीन अंकी संकेत असलेले टायर त्याआधीचे, म्हणजे गाडी ट्रेलरवर ढकलण्यापुरतेच.

या सगळ्यातले किती फोटोंवरून होते? विक्रेत्याची वृत्ती तर नक्कीच कळते. ओल्या गाडीचे फोटो रंगाचे दोष लपवतात. दहा फोटो समोरून आणि एकही खालून नसेल तर त्याचे कारण विचारावे. मागितलेला फोटो दोन दिवसांत देणारा आणि दोषही स्वतःहून दाखवणारा विक्रेता थोडी जास्त किंमत सांगत असला तरी त्याच्याशी बोलणे चालू ठेवावे. हेच फोटो दुसऱ्या जाहिरातीत वापरले आहेत का, ते चित्रशोधाने तपासावे. बाजारभावापेक्षा फारच कमी किंमत, परदेशात असल्याचे सांगणारा मालक, गाडी पाहू न देता पैसे पाठवण्याची घाई, किंवा त्यानेच सुचवलेली मध्यस्थ वेबसाइट यांपैकी एकही दिसले तर विषय तिथेच संपवावा.

दोनशे-चारशे मैलांवरची गाडी स्वतः पाहायला जाणे सर्वांत चांगले. ते शक्य नसेल तर पैसे देऊन निरीक्षक नेमावा, पण तो मस्टँग जाणणारा असावा. सामान्य वाहन-निरीक्षक इंजिन, दिवे, टायर यांचा अहवाल देतो आणि काचेखालच्या पेटीचे नावही काढत नाही. मस्टँग क्लब ऑफ अमेरिकाचे प्रादेशिक गट देशभर आहेत आणि त्यांतून असा माणूस सापडतो. गाडी शेल्बी, म्हणजे मस्टँगची खास शक्तिशाली आवृत्ती, असल्याचा दावा असेल तर शेल्बी अमेरिकन ऑटोमोबाइल क्लबच्या नोंदवहीत ती आहे का हे पाहण्याआधी एक डॉलरही देऊ नये.

किंमत ठरवताना हॅगर्टीसारख्या दरपत्रकांचा आधार घेतात. त्यात गाडीची अवस्था एक ते चार अंकांत मांडलेली असते, एक म्हणजे स्पर्धेच्या तोडीची आणि चार म्हणजे चालणारी पण दोष दिसणारी. हे आकडे मुख्यतः रिस्टोअर केलेल्या आणि नीट राखलेल्या गाड्यांच्या व्यवहारांवरून येतात. न उघडलेल्या गाडीला त्यापेक्षा जास्त किंमत द्यावी, पण तिचा पत्रा शाबूत आणि मूळपणा सिद्ध असेल तरच. पत्रा कुजलेला असेल तर ती फक्त जुनी नादुरुस्त गाडी आहे, मग तिच्यावर कितीही धूळ असो. तिच्या किमतीत पत्र्याचे काम, रंग, ब्रेक, टाकी आणि इंजिन यांचा अंदाज मिळवला तर बेरीज बहुधा तयार झालेल्या चांगल्या गाडीच्या किमतीवर जाते, आणि अशा वेळी तयार गाडीच घ्यावी. मस्टँगचा जवळजवळ प्रत्येक पत्रा, पूर्ण बॉडीसुद्धा, आज नवीन बनून मिळतो. म्हणूनच कुजलेल्या मूळ पत्र्यासाठी वाढीव पैसे देण्यात अर्थ नाही. पहिल्यांदाच अशी गाडी घेणाऱ्याने सहा सिलिंडरची हार्डटॉप शोधावी. तिची किंमत सगळ्यात कमी असते, नकली करण्यात कोणाला फायदा नसतो, म्हणून ती जशी दिसते तशीच बहुधा असते.

लिलावाच्या संकेतस्थळावर बोली लागली की ती बांधील असते, म्हणून निरीक्षण आणि कागद बोलीआधीच उरकावे लागतात. खाजगी सौद्यात इसार द्यायचा तर ‘क्रमांक आणि टायटल जुळले आणि निरीक्षण समाधानकारक झाले तर’ ही अट लेखी असावी. बाकीचे पैसे बँकेत बसून, टायटलवर सही होताना द्यावेत. बिलात क्रमांक पूर्ण लिहून घ्यावा. गाडी चालवत घरी आणू नये, ट्रेलरवरच आणावी. मूळ रंग असलेली गाडी बंद ट्रेलरमध्ये आणणे थोडे महाग पडले तरी योग्य. घरी आल्यावर पहिले काम धुण्याचे करू नये. आधी बॉनेटखाली, डिकीत आणि गाडीखाली कारखान्याने खडूने किंवा रंगाने केलेल्या तपासणीच्या खुणा, कागदी लेबले, रंगाचे ओघळ या सगळ्यांचे फोटो काढून ठेवावेत. सीटचे स्प्रिंग आणि टाकीचा वरचा भाग बांधणीच्या कागदासाठी तपासावा. त्यानंतरच ब्रेकची नळी आणि पेट्रोलची टाकी यांना हात लावावा.